सापळा लागतो, खटला अडतो

२०११ च्या पावसाळ्यात एका सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि एक पत्र हातात ठेवलं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला दोन सरकारी पंच हवे होते. आमच्या कार्यालयाने माझं आणि आणखी एका सहकाऱ्याचं नाव कळवलं होतं. गोपनीय काम आहे, कुणाशी बोलू नका, एवढंच सांगितलं. वरळीला त्या विभागाच्या कार्यालयात पोचल्यावर तक्रारदाराची गाठ पडली. पिठाची गिरणी चालवणारा पन्नाशीचा माणूस. शर्टाच्या शिवणीत पीठ बसलेलं, धुऊनही न गेलेलं. वडील वारल्यावर गिरणीचा परवाना त्याला स्वतःच्या नावावर करून घ्यायचा होता. कागदपत्रं पूर्ण होती. फाईल ज्याच्या टेबलावर होती त्याने आठ हजार रुपये मागितले होते.

आधी मागणीची पडताळणी झाली. तक्रारदाराच्या खिशात रेकॉर्डर ठेवून आम्ही गेलो, परत येऊन ते बोलणं ऐकलं, पंचनामा झाला. दुसऱ्या दिवशी सापळा. नोटा त्याने स्वतःच्याच आणल्या होत्या, गल्ल्यातल्या, पीठ लागलेल्या. एकेका नोटेचा नंबर लिहून घेतला, मग त्यांना अँथ्रासीनची पावडर लावली. साध्या उजेडात काहीच दिसत नाही. अतिनील दिव्याखाली धरल्या की निळसर चमकतात. अधिकारी त्याला पुन्हा पुन्हा बजावत होते, ‘‘मागितल्याशिवाय नोटा काढायच्या नाहीत. खिशाला हातसुद्धा लावायचा नाही.’’ तो मान हलवत होता आणि मध्येच माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, ‘‘साहेब, हे झाल्यावर माझा परवाना होईल ना?’’

मी पंच क्रमांक एक, म्हणजे त्याच्याबरोबर आत जाणारा. त्याचा मेहुणा म्हणून गेलो. टेबलामागच्या माणसाने वर पाहिलं, विचारलं, ‘‘आणलेत का?’’ नोटा घेतल्या, न मोजता पँटच्या खिशात टाकल्या. गिरणीवाल्याने ठरल्याप्रमाणे रुमालाने मान पुसली आणि पथक आत आलं. खोलीतले दिवे घालवून तो दुसरा दिवा लावला तेव्हा त्या माणसाची बोटं चमकली, खिशाचं अस्तर चमकलं. चमक माझ्या डोळ्यांदेखत उमटली होती. खटल्याला आता काही कमी नाही, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

मला न्यायालयाचं समन्स आलं २०१८ मध्ये. मी निवृत्त झालो होतो.

मधल्या काळात काय झालं ते नंतर कळलं. खटला चालवण्यासाठी त्या कर्मचाऱ्याच्या खात्याची मंजुरी लागते. ती यायला चौदा महिने गेले. तोवर तो निलंबन संपवून परत कामावर आला होता, दुसऱ्या टेबलावर, पण त्याच इमारतीत. मग आरोपपत्र, मग आरोपनिश्चिती, मग तारखा. फोर्टातल्या जुन्या सचिवालयाच्या इमारतीत, जिथे आता सत्र न्यायालय भरतं, मी साक्षीला उभा राहिलो. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, शर्टाचा रंग कोणता होता? नोटा उजव्या हाताने घेतल्या की डाव्या? सात वर्षांपूर्वीचा शर्ट मला आठवेना. रेकॉर्डिंगला जोडायचं प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून ते पुराव्यात धरलंच नाही. ‘आणलेत का’ म्हणजे कागद आणलेत का, असं वकील म्हणाले. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने उलटतपासणीत कबूल केलं की आदेशाचा मसुदा तपास यंत्रणेकडून आला होता, आपण तो वाचून फक्त सही केली. आणि गिरणीवाला? तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘नीट आठवत नाही.’’ सरकारी वकिलांनी त्याला फितूर जाहीर केलं.

तो फितूर झाला नव्हता, थकला होता. बाहेर व्हरांड्यात त्याने मला सांगितलं, या सात वर्षांत गिरणीवर जो कुणी तपासणीला आला त्याने पहिलं वाक्य एकच उच्चारलं, ‘‘तो तूच का?’’ घरात मुलगी लग्नाची होती. बायको म्हणाली होती, एकदाचं मिटवा. आरोपी निर्दोष सुटला. समोर आलेल्या पुराव्यावर न्यायाधीशांनी दुसरं काय करायला हवं होतं, हे मला सांगता येणार नाही. पुरावा त्यांच्यासमोर आला तेव्हाच तो सडलेला होता. आणि तो सडायला सुरुवात झाली त्या चौदा महिन्यांत, ज्या काळात कुणी एक पान फिरवत नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी जबाबदारीने मांडतो आहे. लाच घेताना सापळ्यात सापडलेल्या लोकसेवकावरच्या खटल्याला मंजुरी देण्याची मुदत संपली, की ती मंजुरी मिळाली असं कायद्याने मानलं पाहिजे. आज तसं होत नाही.

भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम १९८८ चा. त्याच्या कलम १९ नुसार न्यायालय लोकसेवकावरच्या अशा गुन्ह्याची दखलच घेऊ शकत नाही, जोवर त्याला पदावरून काढण्याचा अधिकार असलेला प्राधिकारी मंजुरी देत नाही. मंजुरी तीन महिन्यांत द्यावी असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विनीत नारायण खटल्यात सांगितलं होतं, म्हणजे आमच्या सापळ्याच्या वेळी हा दंडक होताच. २०१८ ची दुरुस्ती आली तेव्हा तीच मुदत कायद्यात लिहिली गेली: तीन महिने, आणि कायदेशीर सल्ल्यासाठी आणखी एक. पण मुदत उलटली तर काय, याबद्दल कायदा गप्प आहे. त्याच दुरुस्तीने असंही म्हटलं की खटला दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा. ही दोन वर्षं मोजायची ती खटला दाखल झाल्यापासून. मंजुरीच्या कपाटात फाईल पडून राहिली तो काळ कशातच मोजला जात नाही.

२०२२ मध्ये विजय राजमोहन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलं, पण ती मोडली म्हणून आरोपीवरची कारवाई रद्द होणार नाही असंही सांगितलं. उशिराची जबाबदारी मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यावर टाकली. निकाल योग्यच आहे. दिरंगाई खात्याने करायची आणि त्याचा फायदा आरोपीला मिळायचा, हे न्यायालयाने होऊ दिलं नाही. पण ज्या अधिकाऱ्याने फाईल दाबून ठेवली त्याला जबाबदार कोण धरणार? त्याचाच वरिष्ठ. गिरणीवाल्याने त्यासाठी उच्च न्यायालयात जायचं का?

मंजुरीच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो तो मी हलक्यात घेत नाही. मी स्वतः तीस वर्षं सरकारी खुर्चीत बसलो आहे. प्रामाणिक माणसाने नियमावर बोट ठेवलं की काही जण त्याच्यावर सूड उगवतात, खोट्या तक्रारी करतात, ड्रॉवरमध्ये पैसे सरकवून अडकवायचा प्रयत्न करतात, हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला प्रत्येक सहीपाशी पोलीस दिसू लागला तर तो सहीच करणार नाही, फाईल वर पाठवत राहील. या भीतीसाठी कायद्यात संरक्षण हवंच. २०१८ मध्ये आलेलं कलम १७-अ त्यासाठीच आहे: अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी परवानगी घ्या.

पण त्याच कलमात एक अपवाद लिहिलेला आहे आणि माझ्या मते या सगळ्या वादाचं उत्तर तिथेच आहे. लाच घेताना जागेवर पकडलेल्या माणसाच्या अटकेसाठी ही परवानगी लागत नाही. कारण उघड आहे. खिशात नोटा टाकणं हा प्रशासकीय निर्णय नसतो. त्यात सद्भावनेने झालेली चूक असं काही असू शकत नाही. संसदेला हा फरक कलम १७-अ लिहिताना कळला होता, मग थोडंच पुढे, कलम १९ मध्ये, तो का पुसला गेला? अटकेला परवानगी नको, पण खटल्याला हवी, आणि ती कधी मिळेल याची खात्री नको, याला तर्क कसा म्हणावा?

खोट्या तक्रारीपासूनचं संरक्षण सापळ्याच्या पद्धतीतच आहे. आधी मागणीची पडताळणी, मग दोन त्रयस्थ पंच, मग मागितल्याशिवाय नोट न काढण्याची ताकीद. नुसता पैसा सापडला म्हणून कुणाला शिक्षा होत नाही. मागणी सिद्ध व्हावीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या बी. जयराज निकालापासून वारंवार सांगितलं आहे. आणि ते बरोबर आहे. मागणी झाली की नाही हे तपासायची जागा न्यायालय आहे, जिथे आरोपीला वकील मिळतो, उलटतपासणी होते. मंजुरी देणाऱ्या साहेबांसमोर यातलं काहीच नसतं. त्यांच्यासमोर असतो कागदांचा एक गठ्ठा, आणि मनात असतं, हा आपल्याच खात्यातला माणूस.

खात्यातल्या या आपलेपणाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण बाहेरच्यांना वाटतं तेवढं ते साधं नाही. दरवेळी कुणी पैसे घेऊन फाईल दाबत नाही. कधी साहेबांना वाटतं, पोरं लहान आहेत त्याची. कधी संघटनेचे पदाधिकारी येऊन भेटतात. कधी बदली तोंडावर असते, मग वाटतं, येणारा बघेल. आणि कधी त्या आठ हजारांतला हिस्सा कुठवर जात होता हे कुणालाच उघडं व्हायला नको असतं. यातल्या प्रत्येक कारणाने फाईल दोन-तीन महिने थांबते. असं चार-पाच वेळा झालं की वर्ष संपलं. वाईट माणसाची गरजच पडत नाही.

आणि हे होत असताना दुसरीकडे एक वेगळं घड्याळ चालू असतं. २०१५ मध्ये अजय कुमार चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे ताणता येणार नाही. माणसाला वर्षानुवर्षं टांगणीला ठेवू नये हा त्यामागचा विचार न्याय्य आहे. पण व्यवहारात याची सांगड मंजुरीच्या उशिराशी बसते. मंजुरी नाही म्हणून आरोपपत्र न्यायालयात जात नाही, आणि विभागीय चौकशीचं दोषारोपपत्रही कुणी वेळेत देत नाही. मग ९० दिवस उलटतात आणि तो माणूस पुन्हा सेवेत. ‘अकार्यकारी पदावर’ घ्यावा असं म्हणतात. प्रत्यक्षात तो कुठल्या मजल्यावर बसतो हे ज्याने तक्रार केली त्याला विचारा. त्याला तो रोज जिन्यात दिसतो.

मुदत संपली की मंजुरी मिळाली असं मानणं ही काही जगावेगळी कल्पना नाही. मुंबईत कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरीला ‘मानीव’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बिल्डर जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर करत नाही, वर्षं जातात, म्हणून २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली: तो देत नसेल तर सक्षम प्राधिकारी देईल. त्याच्याही आधी, १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात, बांधकामाच्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर, आराखडा नियमात बसत असेल, परवानगी दिली असं मानायची तरतूद आहे. इमारत बांधणाऱ्याने किती थांबावं याला या राज्यात साठ वर्षांपूर्वीच हद्द घातली गेली. लाच मागितल्याची तक्रार करणाऱ्याने किती थांबावं याला अजून हद्द नाही.

बरं, खटल्यांच्या बाबतीतही हे नवं नाही. २०१२ मध्ये सुब्रमण्यम स्वामी विरुद्ध मनमोहन सिंग या निकालात न्या. गांगुली यांनी स्वतंत्र मतात संसदेला सुचवलं होतं की मुदत आणि वाढीव मुदत संपल्यावर मंजुरी मिळाली असं मानावं. २०१८ मध्ये संसदेने मुदत घेतली, हे वाक्य सोडून दिलं. त्याआधीच, २०१६ मध्ये, आपल्याच विधिमंडळाने फौजदारी प्रक्रिया संहितेत महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली होती. दंडाधिकाऱ्याने लोकसेवकाविरुद्ध तपासाचे आदेश देण्याआधी सरकारची मंजुरी लागेल, असं तीत म्हटलं होतं. तिच्यावर टीका खूप झाली, ती अधिकाऱ्यांना वाचवणारी म्हणूनच आणली गेली असं लोक म्हणाले. पण त्या दुरुस्तीतसुद्धा लिहिलं होतं की ९० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी दिली असं समजलं जाईल.

आणि आता तर पूर्ण देशासाठी तसा कायदा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये, कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल लोकसेवकावर खटला चालवण्याची मंजुरी सरकारने १२० दिवसांत द्यायची किंवा नाकारायची आहे. नाही केलं तर ती मिळाली असं मानलं जातं. १२० दिवस, म्हणजे कलम १९ मधले तीन आणि एक महिने. मुदत तीच, तत्त्व तेच. एखाद्या अधिकाऱ्यावर कर्तव्य करताना मर्यादा ओलांडल्याचा आरोप असेल तर त्याची मंजुरी मानीव धरता येते. त्याच अधिकाऱ्याने त्याच टेबलावर नोटा घेतल्या तर मात्र येत नाही. ही विसंगती कुठल्या अभ्यासू मतभेदातून आलेली नाही. एका कायद्यात वाक्य घातलं गेलं, दुसऱ्यात घालायचं राहिलं, आणि ते घालण्याची घाई कुणालाच नाही.

लाचलुचपत कायदा केंद्राचा असला तरी फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदे करू शकतात. राष्ट्रपतींची संमती घेऊन महाराष्ट्र आपल्यापुरती दुरुस्ती करू शकतो, २०१६ मध्ये केली तशीच. वाक्यसुद्धा नव्याने लिहावं लागणार नाही.

मानीव मंजुरीइतकाच दुसरा प्रश्न, ती द्यावी कुणी. वरच्या पदांवर हा प्रश्न किती चिघळतो ते या शहराने पाहिलेलं आहे. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८१ मध्ये त्यांच्याविरुद्ध तक्रार झाली. ती मंजुरी नाही म्हणून थांबली. राज्यपालांनी मंजुरी दिली, तर आमदार म्हणून वेगळी मंजुरी हवी की नको यावर खटला अडला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नको म्हटलं आणि खटला उच्च न्यायालयाकडे दिला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते हस्तांतरणच चुकीचं ठरवलं. सात वर्षं गेली ती परवानगी कुणाची आणि न्यायालय कोणतं या प्रश्नांत. आरोप खरे होते की खोटे, हे त्या वर्षांत बाजूलाच पडलं. आदर्श प्रकरणात माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर खटला चालवायला २०१३ मध्ये एका राज्यपालांनी मंजुरी नाकारली, २०१६ मध्ये दुसऱ्यांनी दिली, २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने नवा ग्राह्य पुरावा नसल्याचं सांगत ती रद्द केली. मध्ये राज्यातलं सरकार बदललं होतं. अशाने आरोप करणाऱ्यांचाही विश्वास बसत नाही आणि ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही आपल्याला न्याय मिळाला असं वाटत नाही. मंजुरीचा निर्णय खात्याबाहेर, सरकारबाहेर गेला पाहिजे. महाराष्ट्रात लोकायुक्त १९७२ पासून आहेत. निदान सापळ्याच्या प्रकरणांत हा अधिकार त्यांच्याकडे देऊन बघावा.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचंही कारण नाही. तक्रारदार आणि पंचांचे जबाब सापळ्यानंतर लगेच दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घ्यावेत. ते अंतिम पुरावा ठरत नाहीत, पण सात वर्षांनी उभा राहणारा माणूस त्यांच्या आधाराने आठवू शकतो. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण नव्या संहितेने बंधनकारक केलं आहे, ते सापळ्यांना फार उपयोगी पडेल. तक्रारदार फिरला किंवा वारला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, असं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नीरज दत्ता निकालात १५ डिसेंबर २०२२ ला सांगितलं आहे. आमच्या खटल्याच्या वेळी हा निकाल असता तर माझ्या साक्षीला जरा वजन आलं असतं, असं मला अनेकदा वाटतं.

आणि तक्रारदाराचं अडलेलं काम, तो परवाना, तो दाखला, हे त्या कार्यालयाबाहेरच्या कुणीतरी ठरावीक दिवसांत पूर्ण करून द्यावं. गिरणीवाल्याने वरळीत माझ्या कानाशी विचारलेला प्रश्न तोच होता. त्याचं उत्तर त्याला तीन वर्षांनी मिळालं, तेही हेलपाटे घालून.

गेल्या महिन्यात आमच्या चाळीतला एक तरुण माझ्याकडे आला. त्याची खाद्यपदार्थांची छोटी गाडी आहे. त्याच्याकडे पैसे मागितले जात होते. मी त्याला सांगितलं, दिलेस आणि सात दिवसांत कळवलं नाहीस तर २०१८ नंतर तूही गुन्हेगार ठरतोस. द्यायच्या आधी लाचलुचपत विभागाच्या १०६४ ला फोन कर, काय बोलणं झालं ते तारीखवार लिहून ठेव. त्याने सगळं वहीत उतरवलं. मग पेन बाजूला ठेवून म्हणाला, ‘‘काका, तो पकडला गेला आणि सहा महिन्यांनी परत इथेच आला तर?’’

माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. वरळीला मी तुझ्याबरोबर येतो, एवढं मात्र मी त्याला सांगितलं. सोमवारी जातो आहोत.